भाताच्या ताटात हिरवा-केशरी घास

भंडारा जिल्ह्यात जेवण म्हणजे भात. वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या धानाच्या बांध्या, मालगुजारी तलावांचे पाणी आणि तुमसरची तांदळाची बाजारपेठ यांनी इथल्या ताटातला मुख्य घास केव्हाच ठरवून टाकला आहे. घरचा सुवासिक चिन्नोर असो की रेशनचा जाडा तांदूळ, भात पोट भरतो आणि दिवसभर राबायला ताकद देतो. पण पांढऱ्या तांदळात जीवनसत्त्व 'अ' अजिबात नसते. त्यावर वरण ओतले तरी फारसा फरक पडत नाही, कारण तुरीच्या डाळीचा आणि हळदीचा पिवळेपणा या जीवनसत्त्वामुळे आलेला नसतो. मग ते यायचे कुठून? ताटाच्या कडेला वाढलेल्या भाजीतून, फळातून, अंड्यातून, दुधातून किंवा माशातून. दोन-तीन वर्षांच्या मुलाला 'तिखट लागेल' म्हणून नुसता वरण-भात भरवला जातो, तेव्हा नेमका हाच कडेचा घास गळतो.

आपले शरीर हे जीवनसत्त्व स्वतःच्या बळावर तयार करू शकत नाही. आहारातून मिळालेला जादा भाग यकृतात साठतो आणि गरजेप्रमाणे रक्तात सोडला जातो. नीट खाणाऱ्या मोठ्या माणसाचा हा साठा कित्येक महिने पुरतो. बाळ मात्र अगदी तुटपुंजा साठा घेऊन जन्माला येते. म्हणून बाळंतिणीचे पहिले घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, पिळून टाकून देणे हे मोठे नुकसान आहे. त्याचा पिवळेपणा बऱ्याच अंशी कॅरोटिनचा असतो आणि 'अ' जीवनसत्त्वाचा बाळाला मिळणारा तो पहिला भरघोस पुरवठा असतो. बाळाला जन्मानंतर तासाभरात छातीशी लावावे, सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे आणि सातव्या महिन्यात वरचे अन्न सुरू करताना पहिल्या आठवड्यापासूनच मऊ भातात शिजवून कुस्करलेली पालेभाजी किंवा कोहळे, म्हणजे लाल भोपळा, घालावे. या वयात लागलेली चव पुढे टिकते.

डोळ्याच्या पडद्यावर अंधूक उजेडात काम करणाऱ्या पेशी असतात. त्यांत ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते आणि ते 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेल्या रेणूशिवाय तयार होत नाही. उजेड पडला की हे रंगद्रव्य मोडते आणि अंधारात पुन्हा जुळते. ही घडामोड उलगडून दाखवणाऱ्या जॉर्ज वॉल्ड या शास्त्रज्ञाला १९६७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. जीवनसत्त्व कमी पडले की जुळणी मंदावते आणि माणसाला संध्याकाळी दिसेनासे होते. पण डोळ्याचे दुखणे ही या कथेची एकच बाजू आहे. डोळ्यांचे, नाका-घशाचे, श्वासनलिकांचे आणि आतड्यांचे ओले, मऊ अस्तर सुस्थितीत राखण्याचे कामही हेच जीवनसत्त्व करते. ते अस्तर कोरडे आणि खरखरीत झाले की जंतूंना वाट मोकळी होते. त्यामुळे हा अभाव असलेले मूल गोवर आणि हगवण यांसारख्या आजारांत इतरांपेक्षा जास्त खंगते.

हे कळायला जगाला वेळ लागला. अमेरिकेत एल्मर मॅकॉलम आणि मार्गरिट डेव्हिस यांनी १९१३ मध्ये लोण्यात आणि अंड्याच्या बलकात वाढीला आवश्यक असा एक घटक असल्याचे दाखवले. त्याच सुमारास डेन्मार्कमध्ये गरिबांच्या मुलांचे डोळे जात होते. हा दुभत्या जनावरांचा देश. पण लोणी परदेशी विकले जाई आणि गरीब घरांत मलई काढलेले दूध व वनस्पती तेलांचे मार्गारिन उरे. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ कार्ल ब्लॉक यांनी हा संबंध ओळखला. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे निर्यात अडली, देशात लोण्याचे रेशन सुरू झाले, घरोघरी लोणी पोचले आणि डोळ्यांचे हे रुग्ण एकदम घटले. ज्या घरात म्हैस आहे, पण सगळे दूध संकलन केंद्रावर आणि सगळी अंडी आठवडी बाजारात जातात, त्या प्रत्येक घराने ही डेन्मार्कची हकीकत लक्षात ठेवावी. विकण्याआधी घरातल्या पाच वर्षांखालच्या मुलासाठी कपभर दूध आणि एक अंडे बाजूला काढायला हवे.

आता घरात काय पाहायचे ते. हा अभाव ओळखण्याची सर्वांत सोपी वेळ म्हणजे दिवेलागण. दिवसभर धावणारे मूल अंधार पडू लागताच एका जागी बसते, चौकटीला अडखळते, समोरचे खेळणे चाचपडत शोधते, आईचा हात सोडत नाही, तेव्हा ते भित्रे झाले असे समजू नये. इंडोनेशियात १९७० च्या दशकात आल्फ्रेड सॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो मुले तपासली. 'मुलाला रात्री दिसते का?' या साध्या प्रश्नाला आईने दिलेले उत्तर फार भरवशाचे असते, असे त्यांना आढळले. घरात विजेचे दिवे आले तसा रातांधळेपणा सहज नजरेस पडेनासा झाला आहे. म्हणून अंगणवाडी सेविकेने किंवा आशाताईने हा प्रश्न मुद्दाम विचारावा आणि आईनेही तो स्वतःहून सांगावा.

पुढची खूण दिवसा दिसते. बुबुळाच्या बाजूला, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर राखाडी-पांढरा, फेसाळ ठिपका उमटतो. त्याला बिटॉटचा डाग म्हणतात. डोळ्याचा तो भाग ओलसर चमक गमावून सुकलेला दिसतो. यानंतर बुबुळ कोरडे पडून त्यावर फूल पडते, जखम होते आणि शेवटच्या टप्प्यात ते काही तासांत किंवा दिवसांत विरघळल्यासारखे होऊन दृष्टी कायमची जाते. गोवरानंतर किंवा लांबलेल्या हगवणीनंतर कुपोषित मुलात हे फार झपाट्याने घडते. अशा मुलाच्या डोळ्यात काजळ, मध किंवा झाडपाल्याचा रस घालू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा भंडाऱ्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय गाठावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या उपचारपद्धतीनुसार अशा मुलाला वयाप्रमाणे एक मोठी मात्रा लगेच, दुसरी दुसऱ्या दिवशी आणि तिसरी दोन आठवड्यांनी देतात. गोवर झालेल्या मुलाला डोळ्यांची तक्रार नसली तरी सलग दोन दिवस मात्रा द्यायची असते. गोवराला 'देवी आली' म्हणून घरात ठेवण्याची रीत अजूनही काही ठिकाणी आहे. त्यात या दोन मात्रा हुकतात.

मोठ्या माणसाला रात्री कमी दिसत असेल, तर मात्र लगेच 'अ' जीवनसत्त्वाचा निष्कर्ष काढू नये. मोतीबिंदू, चष्म्याचा मोठा उणे नंबर आणि पडद्याचा आनुवंशिक विकार यांतही हीच तक्रार असते, आणि त्यांपैकी एकही दुखणे गाजर खाऊन बरे होत नाही. चाळिशीत वाचताना कागद लांब धरावा लागतो, त्याचाही या जीवनसत्त्वाशी संबंध नाही. डोळे तपासून घेणे हाच त्यावर मार्ग.

लहान मुलांसाठी सरकारी कार्यक्रम आहे आणि तो जुना आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधनाच्या आधारावर भारताने १९७० मध्ये बालकांना सहामाही मात्रा देण्यास सुरुवात केली. आजचे वेळापत्रक असे: नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर १ लाख युनिट, म्हणजे १ मिलिलिटर, दीड वर्षाच्या सुमारास २ लाख युनिट, म्हणजे २ मिलिलिटर, त्यानंतर दर सहा महिन्यांनी २ मिलिलिटर, वयाची पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत. एकूण ९ मात्रा. पहिल्या दोन मात्रा लसीबरोबर असल्याने बहुतेक मुलांना मिळतात. पुढच्या सात हुकतात, कारण लस टोचण्याचे निमित्त संपलेले असते आणि आई धानाच्या रोवणीत किंवा कापणीत गुंतलेली असते. माता-बाल संरक्षण कार्डावर या मात्रांच्या नोंदीसाठी जागा आहे. ते कार्ड काढून रिकाम्या चौकटी पाहाव्यात. एखादी मात्रा चुकली असेल तर पुढच्या लसीकरणाच्या दिवशी ती घ्यावी आणि तिथून पुन्हा सहा महिने मोजावेत. चुकलेल्या दोन मात्रा एकदम देऊन भरपाई करायची नसते.

मापाबद्दल इतके बजावण्याला कारण आहे. पाण्यात विरघळणारे जीवनसत्त्व जास्त झाले तर बहुतांशी लघवीवाटे निघून जाते. 'अ' चरबीत विरघळते आणि शरीरात साठून राहते, त्यामुळे त्याचा अतिरेक अंगाशी येतो. औषधाच्या बाटलीबरोबर खुणा असलेला २ मिलिलिटरचा चमचा येतो आणि तोच वापरायचा असतो. नोव्हेंबर २००१ मध्ये आसाममधल्या मोहिमेत नेहमीच्या चमच्याऐवजी मोठे कप वापरले गेले. अनेक मुले आजारी पडली, काही मृत्यूंच्या बातम्यांनी देशभर खळबळ माजली आणि मापाचा प्रश्न ऐरणीवर आला. योग्य मात्रेनंतरही एखाद्या मुलाला मळमळ, उलटी किंवा डोकेदुखी होते. ती एक-दोन दिवसांत थांबते. खासगी डॉक्टरकडे मात्रा घेतली असेल तर त्याचीही नोंद कार्डावर करून घ्यावी, म्हणजे अंगणवाडीत पुन्हा दिली जाणार नाही. औषधाच्या दुकानातून या जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल आणून मुलाला मनाने देणे तर सोडूनच द्यावे.

या मात्रांचा फायदा किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे आणि वाचकाला तो माहीत असायला हवा. इंडोनेशियातल्या आचे प्रांतातला सॉमर यांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्रा दिलेल्या गावांत बालमृत्यू ३४ टक्क्यांनी कमी होते. तमिळनाडूतल्या १९९० च्या अभ्यासात ही घट ५४ टक्के होती, तर त्याच वर्षीच्या हैदराबाद परिसरातल्या अभ्यासात फरक दिसला नाही. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख मुलांवर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. तिथे घट अवघी ४ टक्के. जिथे अभाव तीव्र आणि गोवर जास्त, तिथे मात्रेचा उपयोग जास्त. लसीकरण आणि आहार सुधारला की तो घटतो, असा याचा एक सरळ अर्थ निघतो. केंद्राच्या २०१६ ते २०१८ च्या सर्वंकष पोषण सर्वेक्षणात देशातल्या १ ते ४ वर्षांच्या मुलांपैकी १८ टक्के आणि ५ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी २२ टक्के मुलांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी आढळले. बुबुळे गळून पडणारा काळ बराचसा मागे पडला, आतला छुपा अभाव उरला. म्हणून काही तज्ज्ञ आता सरसकट मात्रांऐवजी गरजू भागांपुरत्या मात्रा द्याव्यात असे म्हणतात. धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोवर पालकांनी कार्डाप्रमाणे मात्रा घ्याव्यात. पण सहा महिन्यांतून एकदा दिलेला चमचा ही तात्पुरती डागडुजी आहे. पाचव्या वाढदिवसानंतर तोही थांबतो, आणि वरचा २२ टक्क्यांचा आकडा नेमका त्यापुढच्या वयाचा आहे. खरी भिस्त ताटावरच.

आणि ताटाच्या बाबतीत भंडारा गरीब नाही.

मृगाचा पाऊस पडला की आठवड्याभरात रस्त्यांच्या कडेला, पडीत जमिनीवर तरोटा उगवतो. हा विकत घ्यावा लागत नाही, त्यावर औषधाची फवारणी नसते आणि कोवळी पाने खुडून, चिरून, लसूण-मिरचीच्या फोडणीत परतली की भाजी तयार. गर्द हिरव्या पानात बीटा कॅरोटिन भरपूर असते; हिरवा रंग त्याच्या केशरी रंगाला झाकून टाकतो एवढेच. शरीर त्याचे रूपांतर 'अ' जीवनसत्त्वात करते. बारा भाग बीटा कॅरोटिन खाल्ले तर साधारण एक भाग जीवनसत्त्व हाती लागते, असे आंतरराष्ट्रीय गणित मांडले जाते. त्यामुळे भाजी चिमूटभर नव्हे, वाटीने खायची असते. तरोट्यानंतर पावसाळाभर अंबाडी, चवळई, माठ. हिवाळ्यात पालक, मेथी, हरभऱ्याची कोवळी पाने आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. सांबार इथे स्वस्ताईच्या दिवसांत जुडीने येतो, पण पोह्यांवर भुरभुरण्यापुरता वापरला तर त्याचा हिशेब नगण्य राहतो. सांबारवडीत मात्र जुडीच्या जुड्या लागतात. थंडीत ती आवडीने खाणाऱ्यांनी निदान या एका कारणासाठी स्वतःला दोष देऊ नये, तळण थोडे आवरले म्हणजे झाले.

या सगळ्यांत पहिला मान मुंगन्याच्या पाल्याला द्यायला हवा. मुंगना, म्हणजे शेवगा, पुष्कळ घरांमागच्या सांदवाडीत असतो. शेंगा वरणात जातात, पाला शेळीपुढे पडतो. खरे तर कॅरोटिन शेंगेपेक्षा पाल्यात कितीतरी पट जास्त. एक साधा हिशेब पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला ३९० मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व 'अ' लागते, ४ ते ६ वर्षांच्या मुलाला ५१०. सुमारे ५० ग्रॅम ताजा मुंगन्याचा पाला शिजवला तर १९० च्या आसपास मिळतात, एका अंड्यातून ७५ ते ८०, एका पेल्याभर सायीच्या दुधातून ९० च्या घरात, आणि पिकलेल्या पपईच्या मोठ्या फोडीतून २५. बेरीज लहान मुलाची दिवसाची गरज जवळपास भागवते. यातली एकही वस्तू शहरातून आणावी लागत नाही.

केशरी घासांत लाल भोपळा सर्वांत सोयीचा. तो महिनोन् महिने टिकतो, मऊ शिजतो, गोड असल्याने मुले खातात. सणाला होणारे कोहळ्याचे बोंड एरवीही करायला हरकत नाही. आतून जितका गडद केशरी तितका चांगला. वैनगंगेच्या पात्रात उन्हाळ्यात डांगरवाड्या लागतात, तिथल्या केशरी गराच्या खरबुजातही कॅरोटिन असते. पिकलेला आंबा आणि पपई आहेतच. गाजरात केशरी जात लाल गाजरापेक्षा सरस, कारण लाल गाजराच्या रंगात लायकोपिनचा वाटा मोठा असतो आणि त्यापासून 'अ' जीवनसत्त्व बनत नाही. टोमॅटोचे बरेचसे तसेच, आणि बीटाचा लाल रंग तर वेगळ्याच कुळातला. पांढऱ्या रताळ्यातही ते जवळजवळ नसते. केशरी गराच्या रताळ्यात मात्र भरपूर असते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या कंदपीक संस्थेने 'भू सोना' नावाचे असे वाण काढले आहे. महाशिवरात्रीला रताळे खाल्लेच जाते, तेव्हा शेतकऱ्यांनी त्याची चौकशी कृषी विज्ञान केंद्राकडे करायला हवी.

भाजी कशी शिजवायची यावर मिळणारा लाभ ठरतो. कॅरोटिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून भाजी स्वच्छ धुण्याने ते वाहून जात नाही. तेलाशिवाय ते अंगीही लागत नाही. उकडलेल्या भाजीवर चमचाभर जवसाचे किंवा कोणतेही तेल, मुलाच्या वाटीत थोडे तूप, इतके पुरते. बारीक चिरून किंवा वाटून, झाकण ठेवून थोडा वेळ शिजवलेली भाजी कच्चीपेक्षा जास्त देते. काळी पडेपर्यंत परतलेली कमी देते. हरभऱ्याची किंवा अंबाडीची पाने उन्हाळ्यासाठी वाळवताना रणरणत्या उन्हात पसरण्याऐवजी सावलीत, वाऱ्यावर वाळवावीत, कारण ऊन कॅरोटिन जाळते. वाळली की बंद डब्यात अंधारात ठेवावीत. मुलाच्या पोटात जंत असतील किंवा वरचेवर हगवण लागत असेल तर उत्तम भाजीही वाया जाते. फेब्रुवारी आणि ऑगस्टमधल्या जंतनाशक दिनाची गोळी म्हणूनच चुकवू नये.

मासे खाणाऱ्या घरांसाठी एक वेगळी गोष्ट. भंडारा जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाने बांधलेल्या मालगुजारी तलावांत आणि शेतातल्या बोड्यांत ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आला. आता तलावांत मुख्यतः रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडले जाते. हे मासे वजनाने भरतात आणि पैसे देतात. त्यांच्या पांढऱ्या मांसात प्रथिने उत्तम, पण 'अ' जीवनसत्त्व अगदी थोडे. याउलट बोटाएवढे देशी मासे डोक्यासकट, डोळ्यांसकट, अख्खे खाल्ले जातात आणि जीवनसत्त्व नेमके त्याच भागांत एकवटलेले असते. बांगलादेशात 'मोला' या छोट्या माशाच्या १०० ग्रॅममध्ये २,५०० मायक्रोग्रॅमहून अधिक जीवनसत्त्व आढळले. तिथे तळ्यांत मोठ्या माशांबरोबर मोला वाढवण्याला त्यानंतर उत्तेजन मिळाले. म्हणून लहान मासे साफ करताना डोकी तोडून टाकू नयेत. मुलांसाठी ते कडक शिजवून, काटे नीट कुस्करून किंवा वाटून द्यावेत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाबरोबर जुन्या तलावांतल्या पाणवनस्पती आणि देशी मासे जपण्याचे काम केले आहे. मत्स्यव्यवसायाच्या आकडेवारीत किलो मोजले जातात. त्या छोट्या माशांची गावातल्या मुलांच्या डोळ्यांसाठी काय किंमत आहे, तीही कुठेतरी मोजली जायला हवी.

बकऱ्याच्या कलेजीत हे जीवनसत्त्व सर्वांत दाट असते. लहान मुलाला पंधरा दिवसांतून एखाद्या वेळी एक-दोन तुकडे दिले तरी पुष्कळ झाले. गर्भवतीला मात्र, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, 'रक्त वाढेल' म्हणून वाट्या भरभरून कलेजी खाऊ घालू नये. प्राणिजन्य 'अ' जीवनसत्त्वाचा अतिरेक गर्भाच्या घडणीत व्यंग आणू शकतो. लोहासाठी उपकेंद्रात गोळ्या मिळतात. पालेभाजी, कोहळे, दूध, अंडे मनसोक्त खावे, कारण भाजीतल्या कॅरोटिनपासून शरीर गरजेपुरतेच जीवनसत्त्व बनवते. फार पपई-गाजर खाल्ल्यास तळहात पिवळसर होतात, पण डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहतो. काविळीत डोळे पिवळे होतात, हा फरक ध्यानात असावा. गरोदर बाईला संध्याकाळी दिसत नसेल तर तिने आरोग्य सेविकेला सांगावे. तिच्यावर उपचार होतो, पण रोजच्या छोट्या मात्रेने. मुलांच्या बाटलीतले औषध तिच्यासाठी नाही. तरुण मुलींनी मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या कॅप्सूल सुरू केल्या असतील, तर त्या काळात आणि नंतर निदान महिनाभर गर्भधारणा टाळायलाच हवी, कारण हे औषध 'अ' जीवनसत्त्वाच्याच कुळातले आहे.

विडी ओढणाऱ्यांसाठी इशारा आणखी वेगळा. तेंदूपत्ता आणि विड्या वळणे हा या जिल्ह्याचा जुना धंदा, आणि ओढणारेही पुष्कळ. 'डोळ्यांसाठी' किंवा 'ताकदीसाठी' म्हणून बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घ्याव्याशा वाटल्या तर फिनलंडचा अनुभव आठवावा. तिथे सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला. १९९४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतला तसाच एक अभ्यास १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. हा धोका गोळ्यांचा आहे, भाजीचा नाही.

दुकानातल्या वस्तूंबद्दल थोडे. गेल्या काही वर्षांत रेशनवर जो पोषणयुक्त तांदूळ आला, त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळलेले असते. 'अ' जीवनसत्त्वाची सोय त्यात नाही. त्यातले वेगळे दिसणारे दाणे 'प्लास्टिकचे' म्हणून निवडून टाकू नयेत, पण डोळ्यांसाठी त्यावर विसंबूही नये. तेलाच्या पिशवीवर आणि दुधाच्या पाकिटावर निळ्या रंगात 'एफ' अक्षर व अधिकचे चिन्ह असेल, तर त्यात 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्वे घातलेली असतात. सुटे तेल घेणाऱ्याला ते मिळत नाही, आणि तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापवले की घातलेलेही नासते. भातातच कॅरोटिन भरलेला 'सोनेरी तांदूळ' इंगो पोट्रिकुस आणि पीटर बायर यांनी २००० साली प्रयोगशाळेत दाखवला. फिलिपिन्सने २०२१ मध्ये त्याच्या लागवडीला परवानगी दिली; २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती रद्द केली. भारतात त्याच्या लागवडीला परवानगी नाही.

शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते; अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या या तपासणीत बिटॉटचे डाग पाहणे समाविष्ट आहे. पथक येणार त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

घरी लागवड करायची तर मृगाआधी तयारी करावी. मुंगन्याची मनगटाएवढी जाड, तीन-चार फूट लांबीची फांदी उंचवट्यावर रोवावी, कारण धानाच्या बांधीसारख्या साचलेल्या पाण्यात तिची मुळे कुजतात, पपईचेही तेच. झाड छातीएवढे झाले की शेंडा छाटावा, म्हणजे बाजूने फुटवे येतात आणि पाला हाताला येतो. कोहळ्याचा वेल उकिरड्याजवळ लावून छपरावर चढवावा, त्याची कोवळी पानेही भाजीला चालतात. मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत हिरवी भाजी महाग होते आणि नेमकी तेव्हाच ताटातून जाते. त्या दिवसांत न्हाणीचे सांडपाणी चर काढून या झाडांकडे वळवले तर मुंगना आणि पपई तग धरतात, आणि सावलीत वाळवून ठेवलेली हरभऱ्याची भाजी पाऊस येईपर्यंत वरणात घालता येते.